बॉयलरला हात कुठवर लावायचा?

पत्र:

"नमस्कार. घरातली कामं स्वतः करायची मला भारी हौस. नळाचे वॉशर, दाराच्या बिजागऱ्या, अडलेला पंखा, सगळं मीच उघडते. आमच्या घरात गॅसवर चालणारा जुना बॉयलर आहे आणि खोल्याखोल्यांत रेडिएटर. बॉयलर बोळातल्या एका कपाटात बसवलाय, सासूबाईंच्या खोलीला अगदी लागून. या हिवाळ्यात त्याने छळ मांडला आहे. दोन रेडिएटर वरच्या बाजूला गार राहायचे, त्यांतली हवा मी काढली, आता छान तापतात. प्रेशर उतरतं, ते दर चार-पाच दिवसांनी पाणी सोडून पुन्हा भरते. सकाळी बॉयलर बंद पडलेला असतो, पण रीसेटचं बटण दाबलं की चालू होतो. कपाटाच्या बाहेरच्या भिंतीत दोन जाळ्या आहेत, त्यांतून गार वारा यायचा म्हणून मी आतून पुठ्ठा लावला. कव्हरवर वरच्या अंगाला काळपट डाग पडले होते, ते पुसले, पण पुन्हा थोडे आलेत. नवरा म्हणतो, माणूस बोलव. मी म्हणते, मला जमतंय तर माणूस कशाला? त्यातच सासूबाईंना थंडी बाधली आहे. सकाळी उठल्यावर डोकं धरतं, मळमळतं, दुपारी बाहेर चक्कर मारून आल्या की बरं वाटतं. ऑक्सिमीटर लावून पाहिला, 98 दाखवतो, त्यामुळे तशी काळजी नाही. माझा प्रश्न एवढाच की कोणती दुरुस्ती घरी करावी आणि माणूस कधी बोलवावा, हे ओळखायचं कसं?"

– एक हौशी सूनबाई

उत्तर:

सूनबाई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला वेगळा निरोप धाडला होता. बॉयलर बंद करा, पुठ्ठा काढा, खिडक्या उघडा, सासूबाईंना आधी त्या खोलीतून बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे नेऊन "घरात कार्बन मोनॉक्साईड झाला असावा अशी शंका आहे" हे याच शब्दांत सांगा. तुम्ही ते सगळं केलंत आणि तपासणी होईपर्यंत बॉयलरला हात लावणार नाही असंही कळवलंत, म्हणून आता बाकीचं सावकाश बोलता येईल. पत्र छापतोय ते अशासाठी की जाळीला पुठ्ठा लावणाऱ्या तुम्ही काही एकट्या नाही.

तुमच्या पत्रात चार गोष्टी चार ठिकाणी विखुरल्या आहेत. जाळीवरचा पुठ्ठा, कव्हरवरचे काळे डाग, रोज सकाळचं रीसेट आणि सासूबाईंचं डोकं. पहिल्या तिन्ही तुम्ही बॉयलरच्या खात्यात मांडल्यात आणि चौथी थंडीच्या खात्यात. ज्याचा या कामात हात बसलाय, त्याला चारही एकाच ओळीत दिसतात आणि तो घरी यायच्या आधी फोनवरच गॅसचा कॉक बंद करायला सांगतो.

वर्णनावरून तुमचा बॉयलर जुन्या पद्धतीचा वाटतो. असा बॉयलर जळायला लागणारी हवा कपाटातूनच घेतो आणि धूर धुरांड्यातून वर सोडतो. नवे बहुतेक बॉयलर बंद पेटीसारखे असतात. हवा बाहेरून नळीने घेतात आणि धूर नळीनेच बाहेर टाकतात. तुमच्याकडच्या त्या दोन जाळ्या कुणा गवंड्याने बुजवायच्या विसरलेल्या फटी नव्हत्या. बॉयलर त्यांतूनच श्वास घेतो. हवा पुरेशी मिळाली तर गॅस पूर्ण जळतो आणि कार्बन डायऑक्साईड नि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो, मग कार्बन मोनॉक्साईड आणि काजळी होते. शिवाय कपाटात हवा आलीच नाही तर धुरांड्याची ओढही मंदावते आणि वर जायचा धूर खाली घरात उतरतो. काजळी डोळ्यांना दिसते, ती तुम्ही पुसलीत. कार्बन मोनॉक्साईडला रंगही नाही आणि वासही नाही, तो पुसायला कोण जाणार?

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. त्यामुळे हवेत त्याचं प्रमाण थोडंच असलं तरी रात्रभर श्वासावाटे तो साठत जातो. मग डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, अंगात त्राण राहात नाही, पुढेपुढे काही सुचेनासं होतं. बहुतेकांना हा फ्लू वाटतो, फक्त ताप नसतो. प्रमाण वाढलं तर माणूस झोपेतून उठतच नाही. बाहेरच्या हवेत गेलं की लक्षणं उतरतात, घरात परतलं की पुन्हा सुरू होतात, आणि पुष्कळदा घरातल्या एकाहून जास्त माणसांना, कुत्र्या-मांजरांनाही एकाच वेळी त्रास होतो. सासूबाईंना दुपारच्या चकरेनंतर बरं वाटतं, हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंत. मी त्याच ओळीवर पत्र खाली ठेवून तुमचा नंबर शोधला.

आता तो ऑक्सिमीटर. तो बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतो आणि किती हिमोग्लोबिन भरलेलं आहे याचा अंदाज बांधतो. कशाने भरलंय, हे त्याला कळत नाही. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटल्यासारखंच दिसतं. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही 98 उमटू शकतं. खरा आकडा रक्ताच्या तपासणीतच कळतो, तोही वेळेत केली तर. साध्या हवेत शरीरातला हा वायू निम्म्यावर यायला साधारण 4 ते 6 तास लागतात, मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणजे सकाळी घर सोडून संध्याकाळी रक्त दिलं तर अहवाल सौम्य येणारच. घरातून किती वाजता बाहेर पडलात, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि त्याच घरात तुम्हीही झोपता, तेव्हा सगळ्यांचीच तपासणी करून घ्या.

रीसेटच्या बटणाविषयी मला थोडं कडक बोलावं लागणार आहे. बॉयलर मनाने बंद पडत नाही. आतला एखादा पहारेकरी त्याला बंद करतो. ज्योत लागली नाही, पाणी फार तापलं, पंखा फिरला नाही, अशा कारणांसाठी वेगवेगळे सेन्सर असतात. तुमच्यासारख्या बॉयलरमध्ये बऱ्याचदा आणखी एक असतो: धूर वर न जाता परत फिरला तर गॅस तोडणारा. रात्रभर जळून धूर उलटला, त्याने बॉयलर बंद केला आणि सकाळी तुम्ही बटण दाबून त्याला गप्प केलंत, असंच रोज घडत असेल असं मी खात्रीने म्हणत नाही. पण शक्यता ठळक आहे. बटण एकदा दाबायला हरकत नसते, कधी वीज गेल्यामुळे किंवा गॅसचा दाब क्षणभर पडल्यामुळेही बॉयलर अडतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा अडला, तर बटणावरचं बोट काढून फोनवर न्यायचं. तेलावर चालणाऱ्या बर्नरच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू आहे. तिथे दर दाबण्याला थोडं तेल भट्टीत शिरतं आणि न पेटलेलं तेल साठत जातं. मग एकदाचं पेटतं तेव्हा घरभर काजळीचा स्फोट होतो.

तपासणी होऊन बॉयलर सुरू व्हायच्या आधी घरात कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लागलेला हवा. धुराचा अलार्म वेगळा, त्याला हा वायू कळत नाही. झोपायच्या खोल्यांजवळ एक आणि दर मजल्यावर एक असावा, सोबतच्या कागदावर जागा आणि उंची दिलेली असते ती पाळा. मागच्या बाजूला बदलायची तारीख छापलेली असते, कारण आतला सेन्सर 5 ते 10 वर्षांत संपतो, मग दिवा लागत असला तरी ती नुसती डबी. मिनिटाला एकदा चिवचिवला तर बहुधा बॅटरी मागतोय किंवा आयुष्य संपलंय म्हणतोय. सलग मोठमोठ्याने वाजला तर प्रश्न विचारत न बसता सगळ्यांनी बाहेर. आणखी एक: थोड्या प्रमाणाला हे यंत्र लगेच वाजत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग असतील तर ते 60 ते 90 मिनिटांनी वाजतं, 300 भाग असतील तर 3 मिनिटांच्या आत. त्यामुळे अलार्म गप्प आहे पण घरातल्या दोघांचं डोकं दुखतंय, अशा वेळी डोक्यावर विश्वास ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे.

काम अवघड आहे की सोपं, यावरून ठरवू नका. तुमच्याच यादीत पाहा. रेडिएटरमधली हवा काढायला चावी लागली, पद्धत माहीत असावी लागली, हात ओले झाले. ते काम तुमचंच होतं आणि तुम्ही ते बरोबर केलंत. पुठ्ठा लावायला कात्री आणि दोन मिनिटं लागली असतील, आणि अख्ख्या यादीतलं जिवावरचं काम तेच होतं. मी स्वतः एकच विचारतो: हे माझ्या हातून चुकलं तर मला कळेल का? हवा काढताना स्क्रू सैल राहिला तर फरशीवर पाणी दिसतं, आपण शिवी हासडून फडकं आणतो. ज्योत बिघडली, धूर उलटला, आतली सील नीट बसली नाही, तर काहीच दिसत नाही. म्हणून तापवायचं पाणी, धूळ, फिल्टर, थर्मोस्टॅट, घड्याळ, बॅटऱ्या, रेडिएटरचे व्हॉल्व्ह ही तुमची हद्द. इंधन, जाळ, धूर, जळणाला लागणारी हवा आणि कव्हरच्या आतली वीज ही परवाना असलेल्या माणसाची हद्द. बॉयलरचं कव्हर चार साध्या स्क्रूंवर निघतं म्हणून ते तुमच्याकरता आहे असं होत नाही. काही बॉयलरमध्ये ते कव्हर हीच धूर अडवणारी भिंत असते.

हवा काढण्याबद्दल थोडं लिहितो, कारण अनेकांची पत्रं त्याचसाठी येतात. रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करा, रेडिएटर कोमट होऊ द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी टोकाला चावी लावा, खाली वाटी आणि फडकं धरा, आणि पाव फेरा उलटा फिरवा, त्याहून जास्त नको. आधी सुर्रर्र आवाज येतो, मग थुंकल्यासारखे थेंब, मग पाण्याची बारीक सलग धार. धार लागली की बंद. स्क्रू पूर्ण बाहेर काढायचा मोह टाळा. गढूळ काळं पाणी भिंतीवर उडालं की डाग जात नाही. शेवटी प्रेशरचा काटा पाहा, कारण हवा गेली की तो थोडा उतरतोच.

याच्या उलट, रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गंजाचा काळा गाळ बसलेला असतो, त्याला चावी उपयोगाची नाही. एकच रेडिएटर पूर्ण गार असेल तर त्याच्या थर्मोस्टॅटच्या टोपीखालची पिन अडकलेली असू शकते. टोपी काढून पिन बोटाने हलकेच खालीवर करून पाहा, पक्कड लावू नका. घरातले सगळेच गार आणि बॉयलर मात्र चालू, तर पंप किंवा मोठा व्हॉल्व्ह. तिथे थांबा.

प्रेशर भरणं दिसायला तुमच्या हद्दीतलं, आणि वर्षातून एकदा-दोनदा भरावं लागलं तर त्यात काही नाही. बंद प्रणालीत पाणी गार असताना काटा 1 ते 1.5 बारच्या दरम्यान असावा, तापल्यावर 2च्या आसपास जातो. 3 बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर सोडतो. पण दर चार-पाच दिवसांनी भरावं लागतंय याचा अर्थ पाणी कुठेतरी जातंय, आणि तुम्ही गळक्या बादलीत तांब्याने ओतताय. नुकसान दुहेरी आहे. नव्या पाण्याबरोबर दर वेळी ताजा ऑक्सिजन आत जातो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि तोच मघाचा गाळ वाढतो.

शोधायचं काम मात्र तुम्ही जरूर करा, तुमच्या हौशीला ते साजेसं आहे. रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हखाली कोरडा कागदी रुमाल फिरवा. ओल नसली तरी हिरवट-पांढरा थर दिसला तर तिथे झिरपतंय. घराबाहेर भिंतीतून निघालेली सुरक्षा व्हॉल्व्हची नळी टिपकतेय का पाहा. मागच्या आठवड्यांत तापताना काटा 3कडे धावत होता आणि गार झाल्यावर 1च्या खाली येत होता का, ते आठवून पाहा. तसं असेल तर प्रसरण टाकीतली, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेलेली असते. आणि पाणी भरल्यानंतर भरायच्या नळीचे दोन्ही कॉक खरंच बंद होतात ना? एखादा अर्धवट उघडा राहिला तर पाणी सतत आत येतं आणि सुरक्षा व्हॉल्व्ह ते सतत बाहेर टाकतो. एवढं पाहून लिहून ठेवा, सापडलेल्या गोष्टीची दुरुस्ती त्या माणसाकडून करून घ्या. यासाठी रात्री-अपरात्री कुणाला उठवायची गरज नाही, आठवड्याभरात झालं तरी चालेल. तुमच्या बाबतीत तो तसाही येतोच आहे.

ज्यांच्याकडे पाण्याऐवजी गरम हवेची भट्टी आहे, त्यांचे निम्मे बिघाड फिल्टरपाशी संपतात. साधा इंचभर जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा असतो. तो तुंबला की हवा अडते, भट्टी आत फार तापते, मर्यादेचा स्विच ज्योत विझवतो आणि पंखा मात्र गार वारा फेकत राहतो. थोड्या वेळाने पुन्हा पेटते, पुन्हा विझते. फिल्टर बदला, बंद केलेल्या झडपा उघडा, सोफ्यामागे दडलेली हवेची जाळी मोकळी करा. भट्टीचं दार नीट बसलंय का पाहा, कारण दाराखालचा स्विच दबला नाही तर भट्टी सुरूच होत नाही. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदला आणि पंखा 'ऑन'वर नसून 'ऑटो'वर आहे याची खात्री करा, 'ऑन'वर असेल तर ज्योत नसतानाही वारा येतच राहतो. एवढं करूनही ती पाच-सहा मिनिटांत बंद पडत असेल तर फोन करा. पेटून काही सेकंदांत विझत असेल तर बहुधा ज्योत ओळखणारी कांडी मळली आहे. ती साफ करायचे व्हिडिओ खंडीभर सापडतील, पण ती बर्नरच्या तोंडाशी असते आणि ती हद्द तुमची नाही.

हीट पंपवाल्यांची (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) पत्रं थंडीच्या पहिल्या आठवड्यात येतात: बाहेरच्या युनिटमधून वाफ निघतेय, आग लागली का? नाही. तो स्वतःवरचं बर्फ वितळवतोय, पाच-दहा मिनिटांत आटपेल. तासन्‌तास अख्खं युनिट जाड बर्फाखाली गाडलेलं राहिलं तर मात्र तंत्रज्ञ हवा, आणि तोवर हातोडी घेऊन बर्फ फोडू नका, पत्र्याच्या पाकळ्या आणि नळ्या नाजूक असतात.

विजेच्या बाबतीत नियम आखूड आहे. ब्रेकर पडला तर एकदा उचला. पुन्हा पडला तर तसाच राहू द्या आणि वायरमन बोलवा.

आवाज आणि वास यांना मी काट्यांपेक्षा जास्त मानतो. पेटताना 'धप्प' असा दणका येत असेल तर गॅस आधी साठतोय आणि मग एकदम पेटतोय, त्या क्षणी बंद करा. पाणी खदखदल्यासारखा आवाज येत असेल तर आत क्षार साचलेत, घाई नाही पण सांगा. कडाक्याच्या थंडीत नव्या बॉयलरमधून गुडगुड येऊन तो बंद पडला तर बाहेरची पाणी टाकायची बारीक नळी गोठलेली असते. जमिनीवर उभं राहून हात पोचत असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, मग एकदा रीसेट करा. हे मात्र घरचंच काम.

हंगामात पहिल्यांदा हीटिंग लावल्यावर धूळ भाजल्याचा वास येतो, काही तासांत जातो. प्लॅस्टिक किंवा वायर जळल्याचा वास आला तर मेन स्विच बंद. ज्योत दिसायची खिडकी असेल तर अधूनमधून डोकावा: ज्योत निळी आणि ताठ हवी. पिवळी, आळसावलेली, लवणारी दिसली तर बंद करा. शोभेच्या गॅस शेकोट्यांची ज्योत मुद्दाम पिवळी ठेवतात, त्या यातून वगळा.

गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, लावलेला विझवू नका, बेल वाजवू नका, सगळे बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा. मीटरपाशी वाटेत कॉक असेल तर बंद करून जा. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, वर चढतो; सिलिंडरचा गॅस जड, तो तळाशी, तळघरात साचतो. गॅसला मुळात हा वास नसतोच. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत 18 मार्च 1937 रोजी इमारतीखालच्या बंद पोकळीत साचलेल्या, वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे 300 मुलं-शिक्षक गेले. त्यानंतर तिथे गॅसमध्ये दुर्गंधी मिसळणं कायद्याने बंधनकारक झालं. तो वास नाकाला सवयीचा होऊन नंतर जाणवेनासा होतो, म्हणून "आता येत नाहीये" म्हणून परत आत जाऊ नये.

माणूस बोलवताना त्याच्याकडे गॅसचं काम करायचा परवाना आहे का ते विचारा आणि कार्ड मागा. खरा माणूस रागावत नाही. फोनवर सुरुवात "बॉयलर बंद पडतो"ने करू नका, "घरात माणसांना त्रास झालाय" इथून करा, म्हणजे तुमचा नंबर रांगेत वर जाईल. डाग आता पुसू नका. पुठ्ठा काढलात ते ठीक, पण तो कधी लावला होता ते त्याला सांगा, लाजू नका. रीसेट कितीदा, किती वाजता, पडद्यावर कोणता कोड होता, मॉडेल कोणतं, हे लिहून ठेवा.

त्याने धुरांड्यात नळी घालून यंत्राने धूर मोजायला हवा, धुराची कांडी धरून ओढ बघायला हवी, गॅसचा दाब तपासायला हवा. धुरांड्याच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं किंवा पडलेली वीट आहे का, तेही. आकडे लेखी मागा. नुसतं साफसूफ करून, रीसेट दाबून "आता चालतोय बघा" म्हणाला तर दुसरा बोलवा. आणि पाहता क्षणी "नवाच घ्या" म्हणाला तर कोणता भाग गेलाय तो दाखव म्हणा, फोटो काढून घ्या. जुना असणं हा दोष नाही, भाग मिळेनासे होणं किंवा आतली उष्णता-नळी तडकणं हा दोष आहे. पैशाच्या बाबतीत दुसरं मत जरूर घ्या. "वापरू नका" असं लेखी दिलं असेल तर मात्र दुसरं मत येईपर्यंत वापरू नका.

तोवर घर गार पडणार. विजेचा तेलभरला हीटर सासूबाईंच्या नव्या खोलीत ठेवा, पडदे-पांघरुणांपासून मीटरभर लांब, पिन थेट भिंतीत. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, एक्स्टेंशन बोर्डाच्या बारीक वायरींना ते झेपत नाही. अर्ध्या तासाने पिनला हात लावून पाहा. चटका बसला तर ते सॉकेट वापरू नका. गॅसची शेगडी, ओव्हन, कोळशाची शेगडी यांनी खोली तापवायचा विचार कुणी बोलून दाखवला तर तिथेच मोडून काढा, एका कार्बन मोनॉक्साईडमधून दुसऱ्यात जायचं नाही. बाहेर पाणी गोठत असेल तर रात्री एखादा नळ बारीक टिपकत ठेवा आणि मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

तो काम करत असेल तेव्हा शेजारी उभ्या राहा, विचारा, शिका. चांगल्या कारागिराला विचारणारं माणूस आवडतं. फक्त कव्हर त्याने काढावं आणि त्यानेच लावावं. निघताना त्याच्याकडून पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख घ्या, थंडी सुरू व्हायच्या महिनाभर आधीची. पहिल्या कडाक्याच्या सकाळी फोन लावलात तर तुमच्या आधी त्याला अर्ध्या गावाने फोन केलेला असेल.